नाकाखालची पन्हळ

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. मी लग्न होऊन त्या घरात गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. उभी बाटली की आडवी, असं बायकांचं मतदान झालं आणि बाटली आडवी झाली. त्यासाठी आत्याबाई वस्तीवस्तीवर फिरल्या होत्या. त्या दिवशीचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला होता. मधोमध आत्याबाई, गळ्यात झेंडूचा हार, आणि चेहऱ्यावर हसू अजिबात नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. माझे सासरे दारूनं गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता. "दारूनं माझं कपाळ पांढरं केलं," असं त्या पाहुण्यांना चहा देता देता सहज सांगायच्या आणि पाहुण्यांचा चहा तसाच कपात राहायचा.

दारू म्हटलं की त्यांच्या अंगाची लाही व्हायची. टीव्हीवर कुणी ग्लास भरला तरी चॅनेल बदलायच्या. थोरल्या दिराच्या टेम्पोत एकदा कुणा हमालाची रिकामी क्वार्टर सापडली, तर त्यांनी सगळा टेम्पो फिनेल टाकून धुवून घेतला. आणि याच बाईच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे, चिनी मातीची एक बरणी होती.

बरणीत सुंठ, खारका, मनुका, बडीशेप, लवंगा आणि ते सगळं बुडेल एवढी ब्रँडी. ती आत्याबाईंचे भाऊ नगरहून आणायचे, म्हणून तिला 'मामांची बाटली' म्हणत. दारू असं तिला कुणीच म्हणत नसे. बरणीतल्या औषधाचं घरातलं नाव होतं 'गरम'. घरातल्या सुनेला दिवस गेले की तिला रोज दिवेलागणीला अर्धं फुलपात्र गरम मिळायचं, ते बाळंतपण होऊन सव्वा महिना उलटेपर्यंत. त्यानं म्हणे कंबर धरत नाही, कळा सोप्या जातात, बाळ बाळसं धरतं. आत्याबाईंना त्यांच्या सासूनं दिलं होतं. तेव्हा बरणीत हातभट्टीची असायची, आता ब्रँडी, एवढाच काय तो फरक.

मी संगमनेरच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. वास ओळखायला मला कुणाची गरज नव्हती. पण औषधात पडली की ती दारू राहत नाही, हा त्या घराचा समज होता आणि मीही शिकलीसवरलेली असून तो मुकाट्यानं गिळला. आत्याबाई समोर पाटावर बसायच्या. मी फुलपात्र रिकामं केलं की ते हातातून घ्यायच्या आणि तळहातावर खडीसाखरेचा खडा ठेवायच्या. इतक्या लाडानं मला माझ्या आईनंसुद्धा कधी काही पाजलं नव्हतं. घरात नवीन होते, पोटात मळमळ होती, नवरा सुप्याच्या कंपनीत शिफ्टला. कुणीतरी आपल्यासाठी रोज न चुकता काही करतंय, हे मला फार आवडायचं.

जावा-जावांचा उभा दावा म्हणतात. आमच्यात तो कधी नव्हता. थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. ती अंगानं अगदी काडी, आत्याबाईंच्या शब्दांत 'पाप्याचं पितर'. मी सासरी गेले तेव्हा शेणी लावण्यापासून कांद्याची पात कशी निवडायची इथपर्यंत सगळं तिनं मला शिकवलं, आणि माझी थट्टा करत शिकवलं. "तुमच्या कॉलेजात भाकरी थापायला न्हाई का शिकवत?" असं विचारायची आणि माझी नकाशासारखी भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची.

ताईला एकच मुलगी. दुसरीत होती, पण दिसायची अंगणवाडीतली. कुणीही घरी आलं की थेट मांडीवर जाऊन बसायची, मग तो वीजबिलवाला का असेना. पाटीवर उभ्या रेघा ओढायचा तिला नाद. पाटी भरली की थुंकी लावून पुसायची आणि पुन्हा ओढायची. एक ते दहा आकडे ती आज म्हणायची, उद्या पाचाच्या पुढं कोरी. चिडली की मात्र आवरायची नाही. "आईवर गेली हाय, बारक्या बाईचं बारकंच असतंय," असं आत्याबाई म्हणायच्या आणि तिला पदराखाली घ्यायच्या. त्या नातीवर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा स्वतःच्या लेकरांवरही नसेल.

शेवटी शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला की पोरीला एकदा लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. पोळा तोंडावर आला होता आणि शेतात कांद्याची लागण चालू होती. ताईला हलता येईना. मला चौथा महिना होता, तपासणीसाठी नगरला जायचंच होतं. "तूच ने की हिला, दोन कामं होतील," ताई म्हणाली.

डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पोरीचं डोकं टेपनं मोजलं, तिच्याशी खेळल्या, रेघा ओढायला कागद दिला. मग मला विचारलं, "हिच्या आईनं गरोदरपणात दारू घेतली होती का?"

मला राग आला. मी म्हणाले, "आमच्या घरात दारूचं नाव काढत नाहीत. माझ्या सासूबाईंनी गावातली बाटली आडवी केलीय."

"रागवू नका, आम्हाला विचारावं लागतं," त्या म्हणाल्या आणि पोरीची हनुवटी हळूच वर उचलली. "ही नाकाखालची पन्हळ बघा. तुमच्या ओठावर आहे, माझ्याही आहे. हिची सपाट आहे. वरचा ओठ बारीक, डोळ्यांच्या फटी आखूड, डोकं लहान. आईच्या रक्तातून बाळापर्यंत दारू पोचली तर असं होऊ शकतं. याच कारणानं झालं असं मी आज म्हणत नाही. आईला घेऊन या, नीट बोलावं लागेल."

मी विचारलं, "आणि कुणी औषध म्हणून घेतलं तर?"

"आई औषध म्हणून घेते. बाळाला ती दारूच असते. थोडी चालते असं काही नाही, गरोदर बाईनं ती घेऊच नये." मग त्यांचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. "तुम्ही घेत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. शाळेत पकडल्यावर पोरं म्हणतात तसं, विचार करायच्या आत.

यावर गोळी-औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. पण न कंटाळता, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत शिकवलं तर ही बरंच शिकेल, असंही म्हणाल्या. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. परतीच्या एसटीत पोरगी माझ्या मांडीवर झोपली. तिचं डोकं माझ्या पोटाला टेकलेलं होतं. मी मोबाईल काढून वाचत सुटले आणि जेवढं वाचलं तेवढं गार पडत गेले. शेवटी मोबाईल पर्समध्ये टाकला. ओठावरून बोट फिरवलं. माझी पन्हळ चांगली खोल आहे. आतल्या बाळाची मला दिसत नव्हती.

ताई वाटेवरच्या वावरात वाफ्यात उभी होती, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. "काय म्हनाली डॉक्टर?"

"टॉनिक दिलंय. तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय."

"कांदं झालं की जाऊ," ती म्हणाली आणि पोरीला म्हणाली, "सुई टोचली का गं तुला?" पोरगी नाही म्हणाली आणि हसली. मला तिच्या ओठाकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठं बघावं तेही सुचेना.

त्या दिवशी दिवेलागणीला आत्याबाई फुलपात्र घेऊन आल्या. मी म्हणाले, नको, जळजळतंय. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्यात तूप घातलं. उपास आहे म्हणाले, तर औषधाला उपास नसतो म्हणाल्या. तोंडात धरून मोरीत थुंकावं तर त्या समोर बसून बोलायला लावायच्या. प्रेमानं घातलेला वेढा फार चिवट असतो. भांडखोर सासू असती तर मी दुसऱ्याच दिवशी फुलपात्र आपटलं असतं.

खरं सांगून मोकळं व्हावं, तर काय सांगणार होते मी? बरणीत दारू आहे आणि दारूनं पोटातल्या बाळाचं वाटोळं होतं, असं तोंडातून निघालं की पुढचं वाक्य मला बोलावंच लागलं नसतं. ते तिथंच, स्वयंपाकघरात, पाटीवर रेघा ओढत बसलेलं होतं. माझं बाळ वाचवायचं तर ताईला तिच्या लेकीबद्दल सांगायला हवं होतं. आणि जिचं कपाळ दारूनं पांढरं केलं, तिला सांगायला हवं होतं की तिनंच तिच्या हातानं नातीला पोटात दारू पाजली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत झाली. घर तेच होतं, माणसं तीच होती, पण मला दार कुठून उघडतं तेच सापडेना.

नवरा रात्रपाळी करून सकाळी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. मग म्हणाला, "आईला? तू आईला सांगनार, तिनं दारू पाजली म्हनून? तिला?" पुढं म्हणाला, "सातव्या महिन्यात जातेसच की माहेरी. तवर काय तरी कर, पन हे घरात काढू नको." मग आंघोळीला गेला. त्याचा मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही. मात्र उलट बोलायला माझ्याकडेही दुसरा उपाय नव्हता.

उपाय ताईनं काढला. फुलपात्र हातात धरून मी बसले होते, आत्याबाई देवापाशी दिवा लावायला वळल्या, आणि ताईनं ते माझ्या हातातून काढून एका घोटात संपवलं. रिकामं परत माझ्या हातात ठेवून कुजबुजली, "तुला सोसत न्हाई ना? मला तर गोड लागतंय." त्या दिवसापासून रोज तेच. आत्याबाई दिव्याकडे वळल्या की ती यायची. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचोही. ताई काही पोटुशी नाही, अर्ध्या फुलपात्रानं तिचं काय बिघडणार, असं मी स्वतःला सांगत होते. पहिल्यांदा मला नीट झोप लागायला लागली. सातव्यापर्यंत असंच निभावून न्यायचं, आणि डॉक्टरकडे ताईला कधी ना कधी नेऊ, त्यांनीच काय ते सांगावं, असा मी बेत केला.

नवरात्रात घट बसलेले होते. दुपारी ओट्यावर आम्ही शेंगा फोडत होतो. ताई मधेच थांबली आणि हसायला लागली. मी विचारलं, काय झालं? "कुनाला सांगू नगं. मला दिवस गेल्यात. म्हैना वर गेला." सात वर्षं वाट बघत होती बिचारी. "घट उठलं की आत्यांला सांगते. मंग मला माझं सोताचं गरम मिळंल, तुझं चोरून प्यायला नगं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी काहीतरी बोलले असेन, बरं झालं, गोड बातमी, असं काहीतरी. उठून मागच्या दारी गेले. माझ्या बाळापासून दूर सारलेलं रोज तिच्या बाळाला पोचत होतं, आणि ते तिनं माझ्यावरच्या मायेनं घेतलं होतं.

त्या दिवशी दिवेलागणीला आत्याबाईंनी फुलपात्र माझ्या हातात दिलं आणि दिव्याकडे वळल्या. ताईनं हात पुढं केला. मी फुलपात्र सोडलं नाही. ती ओढतेय, मी धरून ठेवतेय, आणि त्यातलं थोडं दोघींच्या हातांवर सांडलं.

"ताई, नका पिऊ. यात दारू आहे." मी हळू बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज मोठा निघाला.

आत्याबाई वळल्या. "दारू? माझ्या घरात?"

"ब्रँडी दारूच असते, आत्याबाई. बाळाला पोचते ती. ताईला दिवस गेलेत. तिनं घेता कामा नये, मीही नाही."

ताई माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसत होतं की ती एकेक गोष्ट जोडत चाललीय. नगर, डॉक्टर, टॉनिक. "डॉक्टर काय म्हनली हुती गं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पन्हळ, ओठ, डोळे, डोकं. सगळं. पोरगी खाली बसून रेघा ओढत होती, म्हणून शक्य तितकं हळू सांगितलं. डॉक्टर खात्रीनं बोलल्या नव्हत्या, हेही सांगितलं.

"तुला खात्री हाय?"

"हो."

"कवाधरनं?"

"पोळ्याच्या आधीपासून."

"आन तवापास्नं मी पीत हुते तुझ्यासमोर," ती म्हणाली. मी म्हणाले, तुम्हाला दिवस गेलेत हे मला ठाऊक नव्हतं. "मला तरी कुठं ठावं हुतं," ती म्हणाली. मग आत्याबाईंकडे न बघता, जणू मलाच सांगत असल्यासारखी म्हणाली, "हिच्या टायमाला मला दोन येळा द्यायच्या. सकाळी बी. पाळी चुकायच्या आधीपास्नं. मी लई बारीक हुते म्हनून."

आत्याबाई खाली बसल्या. स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मी? माझ्या हातानं?" मला त्यांचा राग आला होता, खूप आला होता, आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावंसं वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. पोरगी उठून नेहमीसारखी आजीच्या मांडीवर बसायला गेली. ताईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. तेवढं एकदाच. मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिनं दंड सोडला, आणि पोरगी जाऊन आजीच्या मांडीवर बसली.

दुसऱ्या दिवशी बरणी धुवून मागच्या भिंतीवर पालथी घातलेली होती. फोटोही उतरवलेला होता. त्याच्या जागी भिंतीचा रंग जरा गडद दिसायचा. आत्याबाई आणि ताई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ताईनं त्यांच्या हातचा चहा घेणं सोडलं, आपला आपण करून घ्यायची. माझ्याशी बोलायची ते कामापुरतं. थट्टा बंद झाली. ती डॉक्टरकडे जाऊन आली, पोरीला घेऊन, आणि काय झालं ते मला तिनं सांगितलं नाही. मी त्या घरात दोन महिने आणखी राहिले. माझं डोहाळजेवण झालं, आत्याबाईंनी ओटी भरली, ताईनं फुलांच्या वेण्या गुंफल्या, नवऱ्यानं फोटो काढले. त्या फोटोंत आम्ही सगळ्याच छान दिसतो.

मला मुलगी झाली, माहेरी, संगमनेरला. नर्सनं तिला हातात दिल्यावर मी आधी तिचं नाक-ओठ बघितलं, मग बाकीचं. पन्हळ होती. बारीक, पण होती. पन्हळ असली म्हणजे सगळं ठीक असतं असं नाही, हेही मी वाचलेलं होतं. पहिले चार महिने मी घेतलेलं कुठं गेलं असेल, कुठं बसलं असेल, हे मला कुणी सांगू शकत नाही. ती चालायला लागेल तेव्हा, बोलायला लागेल तेव्हा, पाढे म्हणेल तेव्हा मी श्वास धरूनच बसणार, हे मला त्या दिवशीच कळलं.

बाळ दहा-बारा दिवसांचं असताना दिराच्या टेम्पोतून ताई आली. पोट चांगलंच पुढं आलं होतं. लेक बरोबर होती. आत्याबाई आल्या नव्हत्या, त्यांनी डिंकाचे लाडू पाठवले होते. ताईनं डबा माझ्या आईकडे दिला आणि म्हणाली, "त्यांनी केल्यात. निस्ता डिंक हाय, मी समोर बसून बघितलंय." मग माझ्या शेजारी पलंगावर बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि एक बोट त्याच्या नाकाखाली ठेवलं. बराच वेळ ते तिथंच ठेवलं. "हाय," ती म्हणाली. तिचा दुसरा हात स्वतःच्या पोटावर होता. मला म्हणावंसं वाटलं, तुमच्याही बाळाला असेल. पण ते माझ्या तोंडी शोभलं नसतं.

पोरगी मधे घुसली. तिनंही आईसारखं बोट लावून बघितलं. मग स्वतःच्या ओठावर बोट फिरवलं, पुन्हा बाळाच्या. पाटीवर बघायची तसं डोकं वाकडं करून.

"हिला हितं रेघ हाय," ती म्हणाली. "मला न्हाई."

मी ताईकडे बघितलं नाही. आई दारात लाडवांचा डबा घेऊन तशीच उभी राहिली.

"तुला बी येनार हुती," ताई म्हणाली. "माझ्याकडनं पुसली गेली."

पोरीला ते लगेच पटलं. तिच्या पाटीवर तर रोजच पुसलं जायचं. ती आईच्या गुडघ्यांत शिरली, तोंड वर केलं आणि डोळे मिटले.

"मंग परत काढ की," ती म्हणाली.

ताईनं बोटाला थुंकी लावली आणि तिच्या नाकापासून ओठापर्यंत सरळ एक रेघ ओढली. ती वाळेपर्यंत पोरीनं डोळे उघडले नाहीत.